ॲल्युमिनियमचा शाफ्ट घालावा का? इंदूरच्या एका एसयूव्हीचं प्रकरण

गाडी सात आसनी डिझेल एसयूव्ही. शिडीच्या चासीवर बसलेली, मागच्या चाकांवर चालणारी, मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली) आणि कॉइल स्प्रिंगा. वय सात वर्षं, वॉरंटी केव्हाच संपलेली. मालक माझा भाचा. राहायला इंदूरला सुदामानगरात, नोकरी पीथमपूरला. रोजचं जाणं-येणं राऊमार्गे, पावसाळ्यात मित्रांना घेऊन चोरल-तिंछाकडे, आणि अधूनमधून बिजासन घाट उतरून धुळे-नाशिककडून पुण्याला काकांकडे.

त्याच्या तक्रारी दोन होत्या. सिग्नलवरून निघताना गाडी अंग झटकल्यासारखी थरथरते आणि खालून ‘टक्’ असा आवाज येतो. दुसरी, ताशी ८५-९० किलोमीटरच्या पुढे मागच्या सीटखाली घूंऽऽ सुरू होतं, ते शंभरीच्या पुढे थोडं कमी होतं. नेहमीच्या मेकॅनिकने गाडी वर घेतली आणि सांगितलं, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय, क्रॉसही गेलेत. बॅलन्सिंग धरून अकरा-बारा हजारांचं काम. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारी फिरती नळी म्हणजे शाफ्ट, पूर्ण नाव प्रोपेलर शाफ्ट. सेंटर बेअरिंग त्याला मधे आधार देतं, आणि क्रॉस म्हणजे त्याच्या सांध्यांतले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे.

इथे भाच्याने वेगळाच विचार केला. शाफ्ट उतरवायचाच आहे, खर्चही होणारच आहे, तर जुन्यावर पैसे घालण्यापेक्षा हलका ॲल्युमिनियमचाच का घालू नये? बाहेरगावच्या एका वर्कशॉपचं कोटेशन त्याने मागवूनही ठेवलं होतं. दोन तुकड्यांच्या पोलादी शाफ्टऐवजी ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या तीन इंची नळीचा एकसंध शाफ्ट, मधलं सेंटर बेअरिंग रद्द, किंमत ७२ हजार. पिकअप सुधारेल, मायलेज वाढेल, व्हायब्रेशन जाईल, असं वर्कशॉपवाल्याचं म्हणणं. “मामा, तुम्ही ड्राइव्हलाइनमध्येच काम केलंय, तुम्ही हो म्हणालात तर उद्याच ॲडव्हान्स पाठवतो,” असा त्याचा फोन आला. पीथमपूरला माझी नोकरीची वर्षं याच कामात गेली, त्यामुळे हो किंवा नाही म्हणण्याआधी गाडीखाली जाणं मला भाग होतं.

आधी वजनाचा हिशोब

हलका शाफ्ट म्हणजे चपळ गाडी, हा समज अगदीच निराधार नाही. फिरणारा भाग गाडीबरोबर पुढेही जातो आणि स्वतःभोवतीही फिरतो, म्हणून त्याला वेग द्यायला जास्तीची ताकद लागते. पण किती जास्त, हे तो मध्यापासून किती लांब पसरलाय त्यावर ठरतं. आणि ते अंतर हिशोबात वर्गाने येतं. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे मुठीत मावेल एवढ्या नळीचा भाग, त्याचं सगळं वजन मध्यापासून तीन-चार सेंटिमीटरवर. टायरचं वजन तीस-पस्तीस सेंटिमीटरवर.

जुना शाफ्ट उतरवून काट्यावर ठेवला. ब्रॅकेटसकट १४ किलो, त्यातला फिरणारा भाग साधारण साडेबारा. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ३.९ (शाफ्टचे ३.९ फेरे झाले की चाकाचा एक) आणि टायर २३५/६५ आर १७ धरून या फिरण्याचा भार गाडीच्या वजनात बदलला, तर तो सव्वा ते दीड किलो येतो. म्हणजे शाफ्ट फिरवायला इंजिनला जी जास्तीची मेहनत पडते, ती मागच्या सीटवर दीड लिटरची पाण्याची बाटली ठेवल्याइतकी. तीन इंची ॲल्युमिनियमच्या शाफ्टचा हाच भार एक किलोच्या आसपास निघतो. चार इंची नळी घेतली तर तो दोन किलोंच्या जवळ जातो. शाफ्ट वजनाला हलका, पण नळी जाड, म्हणजे व्यासाने मोठी, म्हणून फिरवायला जुन्यापेक्षा जड. भाच्याला हे पटेना, तेव्हा त्याच्यासमोर कागदावर त्रिज्येचा वर्ग करून दाखवला.

राहिलं नुसतं वजन. ते सहा-सात किलो वाचतं, यात वाद नाही. पण भरलेली गाडी २३०० किलोंच्या घरात. तीनशे किलोंमागे एकही किलो सुटत नाही. सात किलो म्हणजे आठ-साडेआठ लिटर डिझेल, टाकी थोडी कमी भरली की झाली तेवढी बचत. शून्य ते शंभरला अकरा सेकंद लागत असतील, तर फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत मोजावा लागेल. मायलेजमध्ये तो टायरच्या हवेच्या चढउतारातच बुडून जातो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचं फ्लायव्हील आणि क्लच यांचा भार शेकडो किलोंच्या बरोबरीचा पडतो, तिथे शाफ्टचा एखादा किलो इकडेतिकडे झाल्याने सिग्नलवर काय बदलणार?

पिकअप आणि मायलेज हे मुद्दे इथेच गळाले. तिसरा, व्हायब्रेशनचा, खरा होता आणि त्यात मला जास्त रस होता.

घूं कुठून येतं

ताशी ९० ला या गाडीचं चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेतं आणि शाफ्ट ४३. शाफ्ट उतरवण्याआधी फोनमधलं कंप मोजणारं ॲप चालू करून फोन मागच्या सीटच्या पायाशी पट्टीने घट्ट बांधला आणि बायपासवर एक फेरी मारली. आलेखात तीन टोकं आली: ११ हर्ट्झला छोटं, ४३ ला मोठं, आणि ८७ च्या आसपास आणखी एक. त्याच वेगात गिअर न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू दिली तरी तिन्ही टोकं जागच्या जागी. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. ११ चं टोक चाकाचं. ४३ चं शाफ्टच्या फेऱ्याला एकदा येणारं, म्हणजे बॅलन्स बिघडलेला. ८७ चं फेऱ्याला दोनदा येणारं, आणि ते जॉइंटच्या कोनाचं किंवा फेजचं असतं.

क्रॉसचा जॉइंट कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारखी फिरत असली तरी मागची दर फेऱ्यात दोनदा किंचित वेग घेते आणि दोनदा मंदावते. हा त्या जॉइंटचा स्वभावच आहे, दोष नव्हे. दुसऱ्या टोकाचा जॉइंट नेमकं उलट करून हे चढउतार खोडून काढतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि नळीच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे तुकडे, एका रेषेत हवेत. फेज म्हणतात ते हेच.

ते एका रेषेत नव्हते. मागच्या तुकड्याच्या स्लिप जॉइंटवर (लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी सांधा) कारखान्यातल्या पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा असतात, एक योकवर आणि एक नळीवर. त्या समोरासमोर यायला हव्यात. इथे मधे दोन दातांचं अंतर होतं. आधी कधीतरी कुठेतरी शाफ्ट उतरवला गेला, ग्रीस भरलं गेलं आणि खुणा न बघता परत घुसवला गेला. नळीवर एके ठिकाणी पोस्टाच्या तिकिटाएवढा चकचकीत चौकोन होता. बॅलन्सिंगची पत्री तिथे वेल्ड करून बसवलेली असते, ती उडालेली. पुढच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर भुकटी जमलेली. ही भुकटी दिसली की आतल्या सुया कोरड्या पडून घासल्या जाताहेत असं खुशाल समजावं. हाताने पिळून बघितलं तर खेळ जाणवत होता, ‘टक्’ तिथूनच येत होतं. सेंटर बेअरिंगचं रबर तर बोटाने वर-खाली हलत होतं. निघतानाची थरथर त्याची.

तक्रारीतली एकही गोष्ट पोलाद जड असण्यामुळे नव्हती. नवीन शाफ्ट कुठल्याही धातूचा घातला असता तरी घूं गेलं असतं, आणि मग त्याचं श्रेय सगळ्यांनी ॲल्युमिनियमला दिलं असतं. अशा अपग्रेडची इतकी तारीफ ऐकू येते त्याचं मोठं कारण हेच असावं, असं माझं मत आहे. झिजलेल्याच्या जागी नवं येतं, आणि नवेपणाचा गुण धातूच्या खात्यावर जमा होतो.

नळीची लांबी आणि वेगाची मर्यादा

तरीही भाच्याचा प्रश्न रास्त होता. “मामा, नवं कुठलंही चाललं असतं, तर मग हलकं घेण्यात तोटा काय? पैसे मी घालतोय.”

तोटा कोटेशनमधल्या दोन शब्दांत होता: एकसंध आणि तीन इंची.

लांब नळी वेगाने फिरते तेव्हा एका ठराविक वेगाला ती मधे फुगून धनुष्यासारखी वाकू लागते आणि दोरीच्या उड्यांतल्या दोरीसारखी भोवंडते. हा तिचा क्रिटिकल स्पीड. तो गाठला तर शाफ्ट वाकतो, जॉइंट फुटतो, तुटलेलं टोक खालचं सगळं झोडपून काढतं. हा वेग नळी जितकी जाड तितका वाढतो, आणि लांबीच्या वर्गाने घटतो. लांबी दुप्पट झाली की मर्यादा चौथ्या हिश्शावर येते. लांब गाड्यांत शाफ्टचे दोन तुकडे करून मधे बेअरिंग देतात ते याच कारणाने.

धातू बदलून यात काही हाती लागत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. क्रिटिकल स्पीडमध्ये धातूचा ताठपणा भागिले घनता येते. ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५, साधारण एक तृतीयांश. पण ताठपणाही ७० विरुद्ध २०५ गिगापास्कल, तोही एक तृतीयांशच. भागाकार जवळजवळ सारखा येतो. त्याच मापाची नळी पोलादाची असो की ॲल्युमिनियमची, भोवंडण्याचा वेग एकच. ॲल्युमिनियमचा खरा फायदा असा की वजन फार न वाढवता नळी जाड करता येते. नळी बारीकच ठेवली तर तो फायदा हातचा गेला.

आता या गाडीचे आकडे. गिअरबॉक्सच्या फ्लँजपासून पिनियनच्या फ्लँजपर्यंत, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतात त्या दोन टोकांमधे, १.६५ मीटर. एवढ्या लांबीच्या तीन इंची नळीचा क्रिटिकल स्पीड काढला तर सुमारे ४५०० आरपीएम येतो, म्हणजे या गाडीत ताशी १५७ किलोमीटर. ‘एवढ्याने कोण चालवतं!’ असं म्हणून चालत नाही. प्रत्यक्षात नळी पूर्ण सरळ नसते, जॉइंटमध्ये किंचित खेळ असतो, बॅलन्स शंभर टक्के नसतो, म्हणून हिशोबातल्या वेगाच्या पाऊण हिश्शावर थांबायचं असा नेम पाळतात. पाऊण हिस्सा म्हणजे ताशी ११८. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना ही गाडी सहज तिथे पोचते, वर पाच माणसं बसलेली असतात. जुन्या दोन तुकड्यांतला लांब तुकडा एक मीटरचा, अडीच इंची, त्याची मर्यादा दहा हजार आरपीएमच्या वर. तिच्या जवळपासही ही गाडी कधी जात नाही. ७२ हजार देऊन तो सगळा मोकळा पल्ला विकायचा, असा हा सौदा होता.

चार इंची नळीचं गणित बरं बसतं, सुरक्षित मर्यादा ताशी १५८ पर्यंत जाते. मग चार इंची का नको? हे कागदावर सुटणारं नव्हतं. शाफ्ट खाली होताच, म्हणून मेकॅनिकला सांगून मागच्या स्प्रिंगाही काढायला लावल्या आणि ॲक्सल जॅकने बंप स्टॉपला, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत वर चढवला. भरलेली गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा ॲक्सल तिथवर येतो. मग गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या मध्यापासून पिनियनच्या मध्यापर्यंत सुतळी ताणून बांधली. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापल्या, एक ७६ मिलीमीटरची आणि एक १०२ ची, मधे भोक पाडून सुतळीत ओवल्या आणि एकेक सरकवत नेली. लहान चकती सुखरूप मागे गेली. मोठी चासीच्या मधल्या आडव्या पट्टीला, क्रॉस मेंबरला, जाऊन अडली, तिची कड दुमडली. सायलेन्सरच्या पाइपपाशी तर बोटही जाईना. भाचा खाली वाकून बराच वेळ त्या दुमडलेल्या पुठ्ठ्याकडे बघत होता. तिथून पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही.

बसते ती नळी पुरेशी ताठ नाही, आणि ताठ आहे ती बसत नाही. प्रकरणाचा निकाल त्या पुठ्ठ्याने लावला.

मग हे शाफ्ट इतरांच्या गाड्यांत चालतात कसे? भाचा ज्यांची उदाहरणं देत होता त्या बहुतेक मस्टँग होत्या. २०१५ पासूनच्या पिढीच्या मस्टँगला कंपनीतून दोन तुकड्यांचा पोलादी शाफ्ट येतो, आणि तिथे एकसंध ॲल्युमिनियमचा जाड शाफ्ट घालणं हा जुना, आजमावलेला बदल आहे. पण त्या पिढीत मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटणारा डबा, बॉडीखाली धरून ठेवलेलं असतं, चाकं वर-खाली झाली तरी शाफ्ट जवळपास जागच्या जागी फिरतो, म्हणून जाड नळीला जागा देता येते. सलग ॲक्सलच्या गाडीत शाफ्टचं मागचं टोक प्रत्येक खड्ड्याबरोबर नाचतं. एका गाडीचं उत्तर दुसरीला लावताना हा फरक नजरेआड झाला की पुढचं सगळं चुकतं.

धातूबद्दल थोडं

ताकदीचा प्रश्न मी शेवटी घेतला, कारण तो त्या मानाने सोपा आहे. इंजिनचा टॉर्क ३२० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर तो चौपट होऊन तेराशेच्या जवळ जातो. चांगल्या मिश्रधातूची नीट वेल्ड केलेली नळी तेवढा सहज पेलते. अडचण वेल्डजवळ असते. ६०६१-टी६ ची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, वेल्डिंगच्या आचेने त्या पट्ट्यात ती बरीच उतरते. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी तो थकत नाही, ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, ते थोडंथोडं थकतच राहतं. चांगले कारखाने हे सगळं धरूनच डिझाइन करतात. म्हणून मी कोटेशनवाल्याला फोन करून साधे प्रश्न विचारले: नळीच्या भिंतीची जाडी किती, क्रिटिकल स्पीड किती काढलात, बॅलन्सिंग किती आरपीएमवर करता, क्रॉस कुठल्या मापाचा, तो इंदुरात मिळेल का? जाडी आणि क्रॉस सांगितला. क्रिटिकल स्पीड काढलेलाच नव्हता. एकसंध शाफ्ट विकणाऱ्याकडे तो आकडा नसेल, तर तिथे ॲडव्हान्स पाठवू नये.

एक मुद्दा मेकॅनिकचा, आणि तो मला माझ्या सगळ्या आकड्यांइतकाच मोलाचा वाटला. पावसाळ्यात चोरलच्या वाटेवरून आलेल्या गाड्या त्याच्याकडे खालून खरवडलेल्या येतात. तो म्हणाला, “भिया, लोहे पे पत्थर लगे तो खरोंच आएगी, इसपे लगा तो पिचक जाएगा. फिर बॅलन्सिंग वाला भी हाथ जोड लेगा.” पातळ नळीला पोचा पडला की तो ठोकून काढता येत नाही, नळीच बदलावी लागते. शिवाय पोलादी क्रॉस ॲल्युमिनियमच्या कानांत बसवताना-काढताना भोकं सैल होतात. इंदुरात हातोडीने टोप्या ठोकण्याची जी सार्वत्रिक पद्धत आहे, ती पोलाद सोसतं, ॲल्युमिनियम सोसणार नाही.

काय केलं

शाफ्ट पोलादीच ठेवला. तिन्ही क्रॉस नवे घातले, ग्रीस निप्पलवाले. सेंटर बेअरिंग कंपनीचंच. स्लिप जॉइंट पुसून, खुणा समोरासमोर आणून बसवला, आणि जुन्या खुणा पुसट झाल्या होत्या म्हणून सेंटर पंचने नव्या ठोकल्या. नळी वाकलेली नाही ना हे डायल गेज लावून बघितलं, वाक अर्ध्या मिलीमीटरच्या आत होता. मग लसूडिया भागात ट्रकचे शाफ्ट करणाऱ्या एकाकडे नेऊन बॅलन्स करून घेतला. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली मूळच्या पातळ पत्र्या होत्या, त्या तशाच परत लावल्या. अनेक ठिकाणी त्या फेकून देतात आणि कोन बिघडतो. खर्च सुरुवातीच्या अंदाजाहून थोडा वाढला, तरी कोटेशनच्या पाचव्या हिश्शात काम झालं.

फोन पुन्हा त्याच जागी बांधून त्याच रस्त्यावर गेलो. ८७ चं टोक दिसेनासं झालं. ४३ चं जमिनीला टेकलं. थरथर आणि ‘टक्’ गेले. ११ चं मात्र होतं तसंच राहिलं, कारण ते शाफ्टचं नव्हतंच. चाकं मशीनवर चढवली तेव्हा मागच्या उजव्या रिमची कड आत बसलेली सापडली.

त्यामुळे भाच्याच्या हलकेपणाच्या हौसेला एक खरी जागा मिळाली. रिम बदलायचीच आहे, तर चारही हलक्या घ्याव्यात असं आता मीच म्हणालो. रिममागे तीन किलो कमी झाले, तर नुसते बारा किलो वाचतात आणि फिरण्याचा भार धरून बचत सोळा-सतरा किलोंच्या बरोबरीची होते, शाफ्टच्या दुपटीहून जास्त. शिवाय ते स्प्रिंगखालचं वजन, खड्ड्यांत फरक जाणवतो. अट एकच घातली आहे: रिमवर कोरलेला लोड रेटिंगचा आकडा गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या भाराच्या निम्म्याहून वर हवा, आणि दुकानातच रिम काट्यावर ठेवून वजन बघायचं. पहिल्या दुकानात त्याने पसंत केलेली देखणी रिम जुन्यापेक्षा सव्वा किलो जड निघाली. तो अजून शोधतोय.